उलटलेल्या माणसाची भाकरी

मराठीच्या पेपरात ‘पाठातील अमुक व्यक्तीचे स्वभावचित्रण तुमच्या शब्दांत करा’ असा प्रश्न आला की तुम्ही प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी अशी विशेषणे एकापुढे एक मांडता आणि चारपैकी तीन गुण तरी पदरात पाडून घेता. हाच प्रश्न एखाद्या विज्ञानकथेवर आला तर? तिथे जरा पंचाईत होते. विज्ञानकथेतली माणसे पुष्कळदा अगदी साधी असतात. एक प्राध्यापक, एक त्याचा मित्र, एखादा पत्रकार. गोष्ट पुढे नेणारे पात्र निराळेच असते. ते बोलत नाही, चालत नाही. ते पात्र म्हणजे निसर्गाचा एखादा नियम. लेखक तो नियम एका जागी मोडतो, बाकीचे सगळे नियम जिथल्या तिथे ठेवतो आणि मग विचारतो, आता पुढे काय होईल?

चांगला लेखक हा प्रश्न शेवटपर्यंत विचारत राहतो. घाईतला लेखक मधेच थांबतो. तो नेमका कुठे थांबला हे शोधणे हा वाचकाचा हक्काचा खेळ आहे, आणि तो जमू लागला की आवडती गोष्ट दुसऱ्यांदा वाचताना पहिल्यापेक्षा जास्त मजा येते. आज आपण अशा एकाच कल्पनेचा पाठलाग करू. ही कल्पना आहे डाव्याचे उजवे होण्याची.

मराठी वाचकांना ही कल्पना भेटते ती डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत. त्या कथेत क्रिकेटचा सामना आहे, गणपतीची मूर्ती आहे आणि मोबियसची पट्टी नावाची एक गणिती गंमत आहे. याहून अधिक सांगून तुमचा रसभंग करत नाही. कथा मिळवून वाचाच.

नारळीकरांच्या कथालेखनाची सुरुवातही अशीच उलटापालटीने झाली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा खगोलशास्त्रज्ञ म्हणून सर्वांना ठाऊक होते. आपले नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये म्हणून त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले! आता ते टोपणनाव आद्याक्षरांनी लिहा : ना. वि. ज. आणि उलट्या क्रमाने वाचा : ज. वि. ना. म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. त्यांच्या पहिल्याच कथेच्या पहिल्याच पानावर आरसा होता म्हणा ना. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, पण या युक्तीची गोष्ट सांगितली की आजही वर्गात हसू उमटते.

तर, उजवी सोंड. तुम्ही दौंडकडचे असाल तर शिरापूरहून भीमा ओलांडून सिद्धटेकला कधी तरी गेला असाल. पूर्वी हा प्रवास नावेने होत असे. आता पूल आहे. अष्टविनायकांपैकी उजव्या सोंडेचा गणपती एवढाच, असे सांगतात. तुम्ही शिरूरकडचे असाल तर तुम्हाला जवळचा रांजणगावचा महागणपती. पण ‘उजवी सोंड’ म्हणजे कोणाची उजवी? तुमची की गणपतीची? समोर उभे राहून पाहिले तर ती तुमच्या डाव्या हाताला वळलेली दिसते. उजवी ती मूर्तीच्या उजव्या अंगाला. म्हणजे डावे-उजवे सांगताना ‘कोणाच्या बाजूने’ हे आधी ठरवावे लागते.

नदीचेही तसेच आहे. काठावर उभा असलेला माणूस कोणत्या काठाला डावा म्हणेल, याचा नेम नाही. म्हणून भूगोलात नियम केला आहे : पाणी ज्या दिशेला वाहते तिकडे तोंड करून उभे राहायचे. तसे उभे राहिलात तर घोड नदीवरचे शिरूर उजव्या काठावर, भीमेवरचे दौंडही उजव्या काठावर, आणि सिद्धटेक डाव्या काठावर. हा तपशील जपून ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता कात्री, डिंक आणि ट्रेसिंग पेपरची एक लांब पट्टी घ्या. कागद अर्धपारदर्शक हवा, म्हणजे एका बाजूचे चित्र दुसऱ्या बाजूनेही दिसेल. पट्टीची दोन टोके नेहमीसारखी जोडली तर बांगडी होते. तसे न करता एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि मग चिकटवा. ही झाली मोबियसची पट्टी. आउगुस्ट मोबियस आणि योहान लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांनी १८५८ साली, एकमेकांना न विचारता, ती शोधली. पट्टीवर एक छोटा गणपती काढा, सोंड एका बाजूला वळलेली. त्याच्या शेजारी तसाच दुसरा, मग तिसरा, असे करत पट्टीला एक पूर्ण फेरा मारा. पहिल्या चित्राच्या जागी परत याल तेव्हा नवा गणपती कागदाच्या पाठीमागच्या बाजूला आलेला असेल. कागदातून आरपार पाहा. दोघांच्या सोंडा एकमेकींच्या विरुद्ध दिसतील! कोणीही चित्र खोडले नाही, आरसा आणला नाही. नुसता फेरा मारला.

कागदाच्या सपाट जगात जे घडते ते आपल्या जगात घडेल का? पुठ्ठ्याचा एक गणपती कापा आणि टेबलावर ठेवून हवा तसा सरकवा, फिरवा. सोंडेची बाजू बदलणार नाही. ती बदलायची तर पुठ्ठा टेबलावरून उचलून पालथा घालावा लागतो, म्हणजे लांबी-रुंदीच्या जगातून बाहेर पडून उंचीची तिसरी मिती वापरावी लागते. याच हिशेबाने उजव्या हातमोज्याचा डावा करायचा तर चौथी मिती हवी. (मोजा आतून बाहेर काढला तर, असे तुम्ही म्हणाल. पण मग अस्तर बाहेर येते. तो तोच मोजा राहत नाही.) हे खुद्द मोबियसने १८२७ सालीच लिहून ठेवले होते. गोष्टीचा लेखक नियम मोडतो तो इथे. तशी चौथी मिती आपल्याला वापरता येते असे तो धरून चालतो. तेवढे आपण त्याला माफ करू. तेवढे माफ केले नाही तर गोष्टच नाही.

एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १८९६ साली हीच सवलत घेतली होती. त्याच्या गोष्टीतला प्लॅटनर हा एका शाळेत मास्तर आहे. शिकवायचा भाषा, पण गळ्यात रसायनशास्त्रही पडलेले. एक विद्यार्थी कुठून तरी हिरवी पूड आणतो, मास्तर तिचे परीक्षण करायला जातात आणि स्फोट होऊन नाहीसे होतात. नऊ दिवसांनी परत येतात ते उलटे होऊन. हृदय उजवीकडे, लिहायचा हात डावा, अक्षर आरशात वाचावे असे. शिक्षक मंडळींनी ही गोष्ट अवश्य वाचावी. प्रयोगशाळेतल्या सावधगिरीबद्दल ती पुष्कळ काही सांगून जाते.

हृदय उजवीकडे असलेली खरी माणसेही असतात. सुमारे दहा हजारांत एखाद्याच्या पोटातले आणि छातीतले सगळे अवयव आरशातल्यासारखे मांडलेले असतात; यकृत डावीकडे, जठर उजवीकडे. त्यातल्या पुष्कळांना हे ठाऊकही नसते. कधी तरी डॉक्टर क्ष-किरणाचे चित्र काढतात आणि चपापतात. गर्भ अगदी लहान असताना त्याच्यातल्या काही पेशींवरचे सूक्ष्म केस एकाच दिशेने गरगरतात, भोवतीचा द्रव डावीकडे ढकलतात आणि त्यावरून डावी बाजू कोणती ते ठरते, असे जपानी शास्त्रज्ञांनी १९९८ साली उंदरांच्या गर्भात दाखवले. हे केस नीट फिरले नाहीत तर डावे-उजवे नशिबावर राहते.

मग प्लॅटनर मास्तर आणि हे लोक एकाच प्रकारचे का? मुळीच नाही. वेल्स थांबला तो नेमका इथे. आपल्या शेजारच्या ‘उजव्या हृदयाच्या’ माणसाचे फक्त सामान वेगळ्या कोपऱ्यांत लावलेले आहे. सामान तेच आहे. चौथ्या मितीतून उलटून आलेल्या माणसाचा मात्र प्रत्येक रेणू उलटला पाहिजे. आणि रेणूंनाही डावे-उजवे असते.

हे प्रथम पाहिले लुई पाश्चरने, १८४८ साली. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. द्राक्षाच्या दारूच्या पिंपात साचणाऱ्या क्षारापासून टार्टारिक आम्ल मिळते. आपल्या चिंचेत हेच आम्ल असते. त्याच्या एका क्षाराचे स्फटिक पाश्चर भिंगाखाली पाहत होता. त्याला दिसले की ते दोन प्रकारचे आहेत, डाव्या-उजव्या हातांसारखे एकमेकांची प्रतिबिंबे. त्याने चिमट्याने एकेक खडा वेचून दोन ढीग केले, प्रत्येक ढीग वेगळ्या पाण्यात विरघळवला आणि त्यांतून ध्रुवित प्रकाश सोडला. साध्या प्रकाशाच्या लहरी सगळ्या बाजूंना थरथरतात. विशिष्ट गाळणीतून त्या एकाच प्रतलात थरथरणाऱ्या मिळतात, तो ध्रुवित प्रकाश. एका द्रावणाने हे प्रतल उजवीकडे फिरवले, दुसऱ्याने तितकेच डावीकडे.

हा प्रयोग पाहायला तुम्हाला फ्रान्सला जायला नको. दौंड-शिरूरकडची मुले उसाच्या फडांतून शाळेत जातात. घरात ‘यंदा उतारा किती पडला’ याची चर्चा चालते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसातली साखर मोजतात ती कशी? रस स्वच्छ करून एका लांब नळीत भरतात आणि तिच्यातून ध्रुवित प्रकाश सोडतात. प्रकाश उजवीकडे किती फिरला त्यावरून साखर किती ते कळते. कारखान्यातले लोक ज्याला ‘पोल’ म्हणतात, ते हेच. म्हणजे शेतकऱ्याच्या उसाची प्रत ठरवताना साखरेच्या रेणूचे उजवेपणच मोजले जाते.

आणि गुऱ्हाळावर याच्या पुढचा भाग पाहायला मिळतो. ऊस तोडून दोन-चार दिवस उन्हात पडला की गुळव्या कुरकुरतो, कारण काहिलीतला पाक नीट बसत नाही, गूळ चिकट राहतो. शिळ्या उसात साखरेचा रेणू फुटून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होऊ लागतात. यातले फ्रुक्टोज प्रकाशाला इतक्या जोराने डावीकडे फिरवते की ग्लुकोजचे उजवे वळण त्यापुढे फिके पडते. ठराविक प्रमाणात साखर घेतली तर अधिक ६६.५ अंश येणारा कोन, सगळी साखर फुटल्यावर उणे २० अंशांच्या आसपास जातो. म्हणून अशा साखरेला ‘इन्व्हर्ट शुगर’, म्हणजे उलटलेली साखर म्हणतात. इथे फसू नका बरे! उलटले ते प्रकाशाचे वळण. ग्लुकोजचा रेणू काही आरशातून फिरून आलेला नाही. ‘उलटे’ हा शब्द दिसला की नेमके काय उलटले ते विचारायचे.

खराखुरा आरशातला ग्लुकोज निसर्गात आपल्याला मिळत नाही. तो प्रयोगशाळेत बनवावा लागतो. तो खाल्ला तर गोड लागतो, पण शरीराला त्याचा उपयोग करता येत नाही. लठ्ठ माणसांसाठी ही उत्तम साखर ठरली असती. तो फार महाग पडतो म्हणून राहिले. असे का होते? अन्नाचे तुकडे करणारी आपली विकरे, म्हणजे एन्झाइम, ही उजव्या हातमोज्यांसारखी आहेत. त्यांत डावा हात शिरत नाही. १९९२ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी एका विकराचा संपूर्ण आरशातला जोडीदार तयार केला. खरे विकर नेहमीचे प्रथिन तोडत होते, आरशातले विकर फक्त आरशातले प्रथिन. एकमेकांच्या ताटाला त्यांनी हातही लावला नाही.

आता आपल्या उलटलेल्या माणसाला जेवायला बसवू. समोर ज्वारीची भाकरी, वाटीत वरण, शेजारी पुदिन्याची चटणी आणि लिंबाची फोड. पाणी प्याला तर काही बिघडत नाही. पाण्याचा रेणू आरशात तसाच दिसतो. मिठाचेही तेच. लिंबू त्याला आंबट लागेल, कारण त्यातल्या सायट्रिक आम्लाच्या रेणूला डावे-उजवे नाही. पण त्याच लिंबातले क जीवनसत्त्व त्याला निरुपयोगी. चटणी तोंडाजवळ नेताच तो दचकेल. पुदिन्याचा वास ज्या कार्व्होन नावाच्या द्रव्यामुळे येतो त्याचा आरशातला जोडीदार बाळंतशेपेत असतो, आणि आपल्या नाकाला दोन्हींचे वास वेगळे कळतात. त्याचे नाक उलटलेले; त्याला पुदिना बाळंतशेपेसारखा येणार!

भाकरी त्याने चावली. आपण भाकरी बराच वेळ चावली तर तोंडात गोडी उतरते, कारण लाळेतले विकर पिष्टाचे तुकडे करू लागते. त्याच्या तोंडात गोडी उतरणार नाही. भाकरीतले पिष्ट ग्लुकोजच्या साखळ्यांचे. त्या साखळ्या तोडणारा त्याचा हातमोजा आता दुसऱ्या हाताचा झाला आहे. वरणातली प्रथिने तशीच न पचता पुढे जातील. ग्लुकोजची पूड दिली तर ती गोड लागेल आणि ताकद देणार नाही. भरल्या ताटासमोर बसून, पोटभर जेवून, हा माणूस उपाशी मरेल.

आर्थर क्लार्क या लेखकाला हे सुचले होते. त्याच्या १९४६ सालच्या ‘टेक्निकल एरर’ या कथेत वीजकेंद्रातल्या अपघातात एक इंजिनियर उलटतो, आणि त्याला जगवायचे कसे, हाच प्रश्न होऊन बसतो. माझ्या मते वेल्सची गोष्ट अधिक रंगतदार आहे, माणसे तर नक्कीच वेल्सचीच चांगली. पण नियमाचे स्वभावचित्र क्लार्कने पुरे केले. गंमत म्हणजे या दोघांच्याही आधी, १८७१ साली, लुई कॅरलच्या ॲलिसने आरशातल्या घरात जाण्यापूर्वी आपल्या मांजरीला विचारले होते की आरशातले दूध पिण्याजोगे असेल का? कार्बनच्या अणूचे चार हात अवकाशात चार दिशांना पसरलेले असतात, आणि म्हणून रेणू डावे-उजवे होऊ शकतात, हे व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी मांडले त्यानंतर तीन वर्षांनी. एका मुलीच्या तोंडचा तो प्रश्न कॅरलने थट्टेत लिहिला असेल, पण प्रश्न अचूक होता.

तो प्रश्न आता थट्टेचा राहिलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ३८ शास्त्रज्ञांनी मिळून एक इशारा दिला. त्यांत दोन नोबेल पारितोषिक विजेते होते. आरशातली प्रथिने प्रयोगशाळेत बनू लागली आहेत. त्यांच्या पुढची पायरी म्हणजे अख्खा आरशातला जीवाणू. तो बनवायला निदान दहा वर्षे तरी लागतील असा त्यांचा अंदाज आहे. पण तो बनवूच नये, असे ते म्हणतात. इशारा देणाऱ्यांत असा जीवाणू घडवण्याच्या दिशेने स्वतः काम केलेले लोकही होते, हे विशेष.

त्यांचा तर्क आपल्या भाकरीचाच आहे, फक्त बाजू बदललेली. उलटा माणूस आपले अन्न खाऊ शकत नाही. तसा उलट्या जीवाणूला खाणारेही कोणी नाही. जीवाणूंवर जगणारे विषाणू आणि सूक्ष्मजीव त्याला पचवू शकणार नाहीत. आपल्या रक्तातले पहारेकरी जंतूंना त्यांच्या रेणूंच्या आकारावरून ओळखतात. हा जंतू त्यांच्या नजरेतून निसटू शकेल. वनस्पती आणि प्राणी यांचीही तीच गत. मग तो स्वतः उपाशी मरणार नाही का? कदाचित नाही. काही साधे अन्नरेणू पाण्यासारखेच दोन्ही बाजूंनी सारखे असतात, आणि कित्येक जीवाणूंना तेवढ्यावर दिवस काढता येतात. माणसाला भाकरी लागते, जीवाणूला लागत नाही. हा जीवाणू आज कुठेही अस्तित्वात नाही. पण नुसत्या ‘पुढे काय होईल’ या प्रश्नाच्या जोरावर जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर वाद सुरू झाला आहे.

तुमच्या आवडत्या गोष्टीतला मोडलेला नियम कोणता, ते वहीत लिहून काढा आणि त्यातल्या नायकाला असेच एकदा जेवायला बसवा. तोवर आपल्या उलटलेल्या माणसाला आपण थोडे हिंडवून आणू. लक्षात घ्या, त्याला स्वतःला आपण उलटलो असे वाटतच नाही. ज्या हाताने तो लिहितो त्याला तो अजूनही उजवाच म्हणतो. त्याला वाटते, जग उलटले. तो दौंडला भीमेच्या प्रवाहाकडे तोंड करून उभा राहिला, तर दौंड कोणत्या काठावर आहे असे म्हणेल? सिद्धटेकला जाऊन आला तर सोंड कोणत्या बाजूची सांगेल? स्टेशनवरच्या घड्याळाचे काटे त्याला कसे फिरताना दिसतील? पहाटे उगवत्या सूर्याकडे तोंड केले तर उत्तर दिशा त्याच्या कोणत्या हाताला? सूर्य मात्र त्याच्याही जगात पूर्वेलाच उगवेल, याचे कारण द्या. आणि तो तुमच्या वर्गात येऊन फळ्यावर आपले नाव लिहू लागला तर ते त्याला सरळ वाचता येईल; तुम्हाला दप्तरात आरसा ठेवावा लागेल.